तोडण्याचा हक्क आणि टिकलेली झाडे : नायजरच्या मरादी–झिंदर पट्ट्यातील वनशेतीचे प्रकरण

नायजर हा पश्चिम आफ्रिकेतला, समुद्रकिनारा नसलेला देश आहे. त्याचा उत्तरेकडचा बहुतेक भाग सहारा वाळवंटात जातो आणि शेती उरते ती दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात, नायजेरियाच्या सीमेला लागून. मरादी आणि झिंदर हे त्या पट्ट्यातले दोन प्रांत. वस्ती मुख्यतः हौसा भाषक शेतकऱ्यांची, जमीन वालुकामय, आणि पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच, तोही चांगल्या वर्षी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जातो. बाजरी, ज्वारी, चवळी आणि भुईमूग ही इथली पिके. या पट्ट्यात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या वीसेक वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परत आली. ती कोणी रोपवाटिकेतून आणून लावली नव्हती. शेतकऱ्यांनी ती फक्त उगवू दिली आणि राखली. अशा झाडांची संख्या सुमारे २० कोटी असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

विकसनशील देशांतील शेती आणि कर्ब स्थिरीकरण (म्हणजे हवेतला कर्ब, अर्थात कार्बन, झाडांत आणि मातीत धरून ठेवणे) यांविषयी आज जी चर्चा चालते, तिच्यात कार्बन क्रेडिटचा, म्हणजे हवेतून काढलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांचा बाजार, करार आणि दर हेच विषय पुढे असतात. नायजरचे हे प्रकरण मला त्या चर्चेच्या आधी वाचण्याजोगे वाटते, कारण इथे कर्ब आधी साठला आणि बाजाराचा प्रश्न कितीतरी नंतर आला. झाडे वाढली त्या काळात या शेतकऱ्यांना हवेतला कर्ब धरून ठेवल्याबद्दल कोणी एक फ्रँकही देऊ केला नव्हता. मग ती का वाढली, आणि त्याआधी का वाढत नव्हती, हा या अभ्यासाचा मुख्य प्रश्न आहे.

झाड सरकारचे, शेत शेतकऱ्याचे

या भागात शेतात झाडे ठेवण्याची रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात झिंदरच्या सुलतानाने गाओ नावाचे झाड विनाकारण तोडणाऱ्याला देहदंडाची धमकी दिली होती, असे तिथे परंपरेने सांगितले जाते. पुढे फ्रेंच अंमल आला आणि १९३५ साली संपूर्ण फ्रेंच पश्चिम आफ्रिकेसाठी जंगलाविषयीचा फतवा निघाला. त्यानंतर झाडांवर सरकारचा ताबा आला. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात उगवलेले झाडही परवान्याशिवाय तोडता येत नसे आणि तोडले तर वनखात्याचा माणूस दंड करी. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी हा कायद्याचा साचा बराच काळ तसाच राहिला.

हेतू झाडे वाचवण्याचा होता, पण परिणाम नेमका उलटा झाला. ज्या झाडाच्या फांदीवरही आपला हक्क नाही, उद्या गरज पडली तर जे तोडता येणार नाही आणि ज्याच्यामुळे दंडाची टांगती तलवार राहते, ते झाड शेतकऱ्याच्या दृष्टीने जोखीम ठरते. ते रोप असतानाच उपटून टाकणे सर्वांत सोपे, कारण तेव्हा ते कोणाच्या नजरेत आलेले नसते. त्यातच १९६० आणि १९७० च्या दशकांत शेती सुधारणेचा जो सल्ला दिला जात होता, त्यात शेत साफ असावे, सरळ ओळीत पेरणी व्हावी आणि नांगराच्या वाटेत काही येऊ नये, यावर भर होता. झाडझुडूप काढणे हे चांगल्या शेतकऱ्याचे लक्षण मानले जाऊ लागले.

नंतर १९६८ ते १९७३ या वर्षांतला दुष्काळ आला. मेलेली झाडे जळणासाठी गेली, उरलेली गुरांच्या चाऱ्यासाठी ओरबाडली गेली. शेते इतकी उघडी पडली की पेरणीच्या सुमारास येणाऱ्या वावटळींत वाळू उडून कोवळी बाजरी गाडली जाई किंवा पात फाटून वाळून जाई, आणि एका हंगामात तीन-तीन, चार-चार वेळा बियाणे पेरावे लागे. घरातले धान्य बियाण्यात संपणे म्हणजे काय, हे इथे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

वाळूखालचे जंगल

सरकारने आणि देणगीदार संस्थांनी यावर उपाय म्हणून रोपे लावली. बहुतेक रोपे मेली. टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मरादीत एका मिशनरी संस्थेच्या विकास प्रकल्पात काम करत होते आणि त्यांचा अनुभवही असाच निराशेचा होता. १९८३ मध्ये एकदा वाळूतून गाडी नेण्यासाठी टायरांतली हवा कमी करायला ते थांबले असता त्यांचे लक्ष एका खुरट्या झुडपाकडे गेले. पाने जवळून पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की हे झुडूप नव्हेच, तोडलेल्या झाडाच्या खुंटातून फुटलेले धुमारे आहेत. तशी झुडपे सगळ्या रानात पसरलेली होती. दरवर्षी पेरणीआधी शेतकरी ती कापून जाळत होते आणि दरवर्षी ती पुन्हा फुटत होती. झाडाचा वरचा भाग गेला होता, पण मुळे जिवंत होती. जंगल होते, फक्त ते जमिनीखाली होते.

या शोधाचे सगळे श्रेय एका माणसाला देणे मात्र योग्य होणार नाही. रिनाउडो यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला आणि त्यांची गोष्ट जगभर पोचली. पण मरादी प्रांतातल्याच अगिये भागात, दान सागा गावाकडे, दुसरी एक हकिगत सांगतात. तिथले तरुण कोरड्या हंगामात मजुरीसाठी नायजेरियात जात. एका वर्षी काही जण उशिरा परतले, पाऊस सुरू झाला होता, शेत साफ करायला वेळच राहिला नाही, म्हणून त्यांनी झुडपे तशीच ठेवून त्यांच्यामधून पेरणी उरकली. साफ केलेल्या शेजारच्या शेतांपेक्षा त्यांचे पीक बरे आले. पुढल्या वर्षी ते मुद्दाम तसे करू लागले. शेतीतल्या कितीतरी चांगल्या गोष्टी अशाच, वेळेअभावी राहून गेलेल्या कामातून सापडतात.

पद्धत सांगायला सोपी आहे, हात मात्र सरावलेला लागतो. पेरणीच्या आधी शेतकरी कोयता घेऊन शेतातून फिरतो आणि कोणते खुंट ठेवायचे ते ठरवतो. एका खुंटातून वीस-तीस फुटवे आलेले असतात. त्यातले सरळ आणि जोमदार असे तीन ते पाच ठेवून बाकीचे तळापासून काढले जातात. राखलेल्या फुटव्यांच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या छाटल्या जातात, म्हणजे खोड सरळ वर जाते आणि पिकाला ऊनही मिळते. काढलेल्या काड्या सरपणाला जातात. पुढल्या वर्षी राखलेल्यांपैकी एक खोड तोडून विकायचे किंवा घरी वापरायचे आणि त्याच्या जागी नवा फुटवा वाढू द्यायचा. असे केले की झाड कधीच संपत नाही आणि शेतकऱ्याला दरवर्षी काही ना काही हाती लागते. मूळ आधीच खोल गेलेले असल्यामुळे फुटवा रोपाच्या कितीतरी पट वेगाने वाढतो. त्याला पाणी घालावे लागत नाही, आणि रोपवाटिका, वाहतूक किंवा खड्डे यांचा खर्चही नसतो.

राखली जाणारी झाडे देशी आहेत. गिएरा, कॉम्ब्रेटम, आपल्या आपट्याची जवळची भावकी असलेले पिलियोस्टिग्मा, आणि झिंदरकडे विशेषतः गाओ, म्हणजे फाइडहर्बिया अल्बिडा. बाभळीच्या कुळातल्या या गाओचा स्वभाव जगावेगळा आहे. पाऊस सुरू झाला की ते पाने टाकते आणि कोरड्या दिवसांत हिरवे होते. म्हणजे बाजरी वाढत असते तेव्हा तिच्यावर सावली नसते, आणि जमिनीला पानांचे खत अगदी वेळेवर मिळते. मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात. चारा संपतो त्या महिन्यांत शेंगा पिकतात आणि सावलीला आलेली गुरे तिथेच शेण टाकतात. गाओच्या घेराखालची बाजरी मोकळ्या जागेतल्या बाजरीपेक्षा उंच आणि गडद हिरवी असते, हे कोणत्याही अनभ्यस्त डोळ्यालाही दिसते. मात्र ती सुपीकता पूर्णपणे नव्याने तयार झालेली नसते. तिचा काही भाग वाऱ्याने आलेली धूळ अडल्यामुळे आणि इतरत्र चरलेल्या गुरांचे शेण एकाच जागी साचल्यामुळे आलेला असतो. एका झाडाखालचे उत्पन्न मोजून सगळ्या हेक्टराला गुणणे म्हणूनच चुकीचे आहे, आणि ही चूक वनशेतीच्या प्रचारसाहित्यात वरचेवर दिसते.

दंड थांबला तेव्हा

१९८४ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. मरादीच्या प्रकल्पाने कामाच्या बदल्यात धान्य देण्याची योजना सुरू केली, आणि ते काम होते शेतातले फुटवे राखण्याचे. हजारो कुटुंबांनी ते केले. दुष्काळ सरला, धान्य देणे थांबले, आणि लोकांनी राखलेल्या झाडांपैकी मोठा भाग तोडून टाकला. या टप्प्याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण कार्बन क्रेडिटच्या योजनांपुढचा मुख्य धोका इथे चाळीस वर्षांपूर्वीच घडून गेला आहे. मोबदल्यासाठी राखलेले झाड मोबदला थांबल्यावर राहीलच, असे धरून चालता येत नाही.

तरीही सगळी झाडे गेली नाहीत. ज्यांनी ती ठेवली त्यांना पुढल्या दोन-तीन हंगामांत वारा अडल्याचे, एकाच पेरणीत पीक उभे राहिल्याचे आणि सरपण दाराशी आल्याचे दिसले, आणि ते पाहून शेजाऱ्यांनी ठेवायला सुरुवात केली. पण आणखी एक गोष्ट घडली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मरादीच्या वन अधिकाऱ्यांशी बोलणी होऊन, स्वतःच्या शेतात राखलेली झाडे शेतकऱ्याने वापरली तर दंड करायचा नाही, असे ठरले. हा लेखी हुकूम नव्हता, तोंडी समज होती. त्याच काळात सरकारकडचा पैसाही आटला होता आणि वनरक्षकांच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. शेतातले झाड आपले आहे, असे शेतकरी मानू लागला. कायद्याने हे मान्य करायला पुष्कळ वेळ लावला. १९९३ च्या ग्रामीण संहितेत आणि २००४ च्या वन कायद्यात पावले पडली, आणि शेतात राखलेल्या नैसर्गिक उगवणीला स्वतंत्र नियम देणारा आदेश जुलै २०२० मध्ये निघाला. व्यवहार पुढे आणि कायदा मागे, असे हे पस्तीस वर्षांचे अंतर आहे.

म्हणजे या प्रकरणात झाडे टिकली, कारण शेतकऱ्याला ती तोडण्याचा हक्क मिळाला. हे वाक्य उलटे वाटेल, पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते सरळ आहे. घरात कोणी आजारी पडले, धान्य संपले, मुलीचे लग्न ठरले, तर एखादे खोड तोडून बाजारात नेता येते, ही खात्री असेल तरच ते खोड पाच-सात वर्षे वाढू देण्यात अर्थ आहे. २००५ मध्ये नायजरमध्ये अन्नटंचाई आली, तेव्हा झाडे राखलेल्या गावांतल्या कुटुंबांना लाकूडफाटा आणि पाला विकून धान्य घेता आले. त्यांच्या लेखी झाड म्हणजे उभी ठेव होती.

क्रिस राइ या डच भूगोलतज्ज्ञांनी नायजरची राजधानी नियामे इथल्या विद्यापीठातले महमाने लारवानू यांच्यासोबत २००५-०६ च्या सुमारास या गावांचा अभ्यास केला, आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले ग्रे टॅपन यांनी जुनी हवाई छायाचित्रे व नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवली, तेव्हा कुठे या बदलाचा आवाका बाहेरच्या जगाला कळला. तोवर वीस वर्षे उलटली होती आणि एवढी झाडे आली आहेत हे कोणाच्या नोंदीतही नव्हते. या अभ्यासकांच्या अंदाजानुसार या झाडांमुळे वर्षाला सुमारे ५ लाख टन जादा धान्य पिकते, म्हणजे साधारण २५ लाख लोकांचे पोट भरते. बायकांचा सरपण गोळा करण्यात जाणारा दिवसाचा अडीच तासांचा वेळ अर्ध्या तासावर आला, असेही त्यांनी नोंदवले आहे. सरपण मिळू लागल्यावर चुलीत जाणारे शेण पुन्हा शेतात जाऊ लागले, हा त्यातला कमी बोलला गेलेला पण मातीच्या दृष्टीने मोठा फायदा.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो योग्यच आहे. १९८० च्या दशकानंतर साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यात, पाऊस काही प्रमाणात सुधारला; मग हिरवळ त्यामुळे आली नसेल कशावरून? याचे उत्तर सीमेपलीकडे मिळते. उत्तर नायजेरियाच्या लगतच्या भागात माती तीच आणि पाऊस तेवढाच किंवा थोडा जास्त, तरीही टॅपन आणि राइ यांना तिथली शेते नायजरच्या शेतांपेक्षा उघडी दिसली. पावसाने मदत केली यात शंका नाही, पण पाऊस सीमा पाहून पडत नाही. त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे की ५० लाख हेक्टरांवरचे प्रत्येक झाड या चळवळीतून आलेले नाही. झिंदरकडची गाओची काही राने त्याआधीपासून उभी होती.

या झाडांत कर्ब किती?

आता आकड्यांकडे वळू. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातला कर्ब लाकडात, मुळांत आणि पानांत ठेवते. झाडाच्या वाळलेल्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कर्ब असतो, आणि कर्बाच्या वजनाला ३.६७ ने गुणले की हवेतून काढलेल्या कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते. अडचण असते ती उभ्या झाडाचे वजन करण्याची. पूर्वी काही झाडे तोडून, वाळवून, तोलून खोडाच्या जाडीशी त्यांचे गणित बसवत. आता उपग्रहचित्रांतून प्रत्येक झाडाचा घेर मोजून ते गणित लावले जाते. नासाचे कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आफ्रिकेच्या सहारा आणि साहेलमधली सुमारे ९९० कोटी झाडे अशी एकेक मोजली. त्यांच्या हिशेबाने शुष्क भागातल्या झाडात सरासरी ६३ किलो कर्ब असतो आणि जास्त पावसाच्या भागातल्या झाडात ९८ किलो.

हाच आकडा नायजरला लावून पाहू. २० कोटी झाडे आणि ५० लाख हेक्टर म्हणजे हेक्टरी ४० झाडे. प्रत्येकी ६३ किलो धरले तर हेक्टरी अडीच टन कर्ब, म्हणजे सव्वानऊ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. हा साठा वीस वर्षांत तयार झाला असे मानले, तर वर्षाला हेक्टरी अर्ध्या टनापेक्षाही थोडे कमी पडते. सगळ्या क्षेत्राचा मिळून वीस वर्षांच्या साठ्याचा हिशेब साडेचार कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या घरात जातो. हे माझे ढोबळ गणित आहे. फुटव्यांवर राखलेली झाडे सरासरीपेक्षा लहान असतील तर आकडा खाली येईल, आणि मातीतला कर्ब धरला तर वर जाईल. पण वालुकामय जमिनीत तो फार हळू वाढतो, म्हणून मी तो मुद्दाम सोडला आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. एकूण आकडा देशाच्या पातळीवर खरोखर मोठा आहे. आणि एका शेतकऱ्याच्या वाट्याचा आकडा फारच लहान आहे. टनाला १० डॉलर दर मिळाला असे धरले, तरी एका हेक्टराला वर्षाकाठी साडेचार डॉलर येतात, म्हणजे तिथल्या चलनात साधारण अडीच-तीन हजार सीएफए फ्रँक. त्यातून मोजणी, पडताळणी, नोंदणी आणि मध्यस्थ संस्थेचा खर्च वजा व्हायचा आहे. तीन-चार हेक्टरांच्या शेतकऱ्याला शेवटी जे उरेल, त्यापेक्षा एका खोडाच्या सरपणाचे पैसे त्याला जास्त जवळचे वाटतील. लहान शेतकऱ्यांच्या कार्बन योजना कागदावर आकर्षक आणि गावात फिक्या का दिसतात, याचे कारण या एका भागाकारात आहे.

हा अनुभव फक्त नायजरचा नाही. पश्चिम केनियात व्ही अॅग्रोफॉरेस्ट्री या स्वीडिश संस्थेने जागतिक बँकेच्या बायोकार्बन निधीबरोबर ४५ हजार हेक्टरांवर काम केले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला २४,७८८ टनांची पहिली क्रेडिट मिळाली. हजारो कुटुंबांत ती रक्कम वाटली तर हाती काय येणार, हा प्रश्न तिथेही उभा राहिला. प्रकल्प चालवणाऱ्यांनीही खरा लाभ वाढलेल्या पिकाचा आहे आणि क्रेडिटचे पैसे वरकड आहेत, अशीच मांडणी केली. माझ्या मते ही मांडणी प्रामाणिक आहे. ती शेतकऱ्याला पहिल्याच बैठकीत सांगितली पाहिजे.

आधीच राखले, म्हणून अपात्र

नायजरच्या शेतकऱ्याला मात्र तेवढेही मिळाले नाही, आणि त्याचे कारण बाजाराच्या नियमांत आहे. हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराखाली स्वच्छ विकास यंत्रणा होती, म्हणजे विकसनशील देशांतल्या प्रकल्पांना क्रेडिट देण्याची व्यवस्था. तिच्यात वनीकरणाचे प्रकल्प बसत होते, पण ते २००० सालानंतर सुरू झालेले असायला हवे होते. इथले काम १९८० च्या दशकातले. शिवाय त्या यंत्रणेत वृक्षांची क्रेडिट तात्पुरती धरली जात आणि युरोपीय संघाच्या उत्सर्जन बाजाराने ती घेतलीच नाहीत. स्वेच्छा बाजारात, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना कंपन्या क्रेडिट घेतात त्या बाजारात, मुख्य कसोटी असते अतिरिक्ततेची, म्हणजे क्रेडिटचे पैसे मिळाले नसते तर हे झाड उभे राहिलेच नसते, असे दाखवावे लागते. मरादीच्या शेतकऱ्याने तर पैशाशिवायच झाड उभे करून दाखवले होते.

या नियमामागचा तर्क मला समजतो. जे आपोआप होणारच होते त्याचे पैसे दिले, तर त्या क्रेडिटच्या आधारावर दुसरीकडे कोणीतरी धूर सोडील आणि हवेतला कर्ब वाढेलच. पण या तर्काची एक बाजू अन्यायाची आहे, आणि ती मला मनापासून खुपते. ज्याने स्वतःहून, दुष्काळात, दंडाची भीती असताना झाड राखले त्याला काही नाही. ज्याने शेत उघडे ठेवले, तो उद्या करारास पात्र. शेजारच्या दोन गावांत हा फरक दिसला, तर पहिल्या गावातल्या माणसाने काय करावे, असे आपण सुचवणार आहोत? अशा नियमांमुळे जुनी झाडे तोडून नव्याने नोंद करण्याचा मोह होऊ शकतो. म्हणून क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या अनेक मानकांनी प्रकल्पाआधी काही वर्षांत झाडे तोडलेली जमीन बाद धरली आहे. ते योग्य आहे, पण त्यामुळे जुन्या राखणदाराला न्याय मिळत नाही.

शेतातली झाडे मुळात हिशेबातच धरली जात नाहीत, हा याच्याही मागचा प्रश्न आहे. रॉबर्ट झोमर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले की २०१० साली जगातल्या शेतजमिनीपैकी ४३ टक्के जमिनीवर किमान १० टक्के वृक्षाच्छादन होते, आणि शेतजमिनीवरच्या सुमारे ४५ अब्ज टन कर्बापैकी तीन चतुर्थांशांहून जास्त कर्ब झाडांत होता. तरीही जंगलाच्या नोंदीत ही झाडे येत नाहीत, कारण ते जंगल नाही, आणि शेतीच्या नोंदीत येत नाहीत, कारण ते पीक नाही.

राखण कोण करतो

वैयक्तिक हक्क मिळाला म्हणून सगळे सुरळीत झाले, असेही नाही. झाडे मोठी होऊ लागली तशी रात्री चोरून तोडण्याचे प्रकार वाढले. गावांनी समित्या नेमल्या, नियम ठरवले आणि चोरी करणाऱ्यांना दंड बसवला. अगिये भागात अशा समित्यांनी बऱ्यापैकी घडी बसवली. फुलानी पशुपालकांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. कोरड्या हंगामात त्यांचे कळप याच शेतांतून जातात आणि फांद्या छाटून गुरांना घालणे ही त्यांची जुनी रीत आहे. झाड पूर्णपणे शेतकऱ्याचे ठरले की ती रीत चोरी ठरते. ज्या समित्यांत पशुपालकांना जागा मिळाली तिथे भांडणे कमी झाली; जिथे मिळाली नाही तिथे झाडांच्या निमित्ताने जुनी वैरे जागी झाली. बायकांचेही असेच आहे. सरपणाची सोय झाली, पण जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर असल्यामुळे विकण्याजोग्या खोडावर तिचा शब्द चालेल की नाही, हे घराघरावर अवलंबून राहते. कार्बनचा करार जमीनधारकाशीच झाला, तर ही दरी आणखी रुंदावेल.

म्हणून या पट्ट्यात बाहेरचा पैसा यायचाच असेल, तर तो टनामागे आणि माणसामागे वाटण्यापेक्षा या समित्यांच्या कामाला, गावागावांतल्या शिवारफेऱ्यांना, २०२० चा आदेश गावापर्यंत पोचवण्याला आणि वनरक्षकाला त्याची प्रत हातात देण्याला लागावा, असे माझे मत झाले आहे. ही कामे स्वस्त आहेत आणि त्यांच्यामुळे नवे शेतकरी झाडे राखू लागले, तर वाढणारा कर्ब खऱ्या अर्थाने अतिरिक्त असेल. गाओच्या काही जुन्या रानांत म्हातारी झाडे उभी आहेत आणि त्यांच्या खाली नव्या रोपांची पिढी नाही. तिथे फुटवे आणि रोपे मुद्दाम राखण्याचे काम कोणी हाती घेतले, तर मोजण्याजोगा फरक पडेल.

राहिला कराराचा मजकूर. कार्बन खरेदी करणाऱ्याला कर्ब तीस वर्षे जागेवर राहण्याची हमी हवी असते आणि त्यासाठी झाड तोडू नये असे कलम घातले जाते. युगांडासारख्या ठिकाणी लहान शेतकऱ्यांच्या करारांत पैसे पहिल्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात, पण बांधिलकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. मरादीत असे कलम आले, तर शेतकऱ्याच्या शेतातले झाड पुन्हा दुसऱ्याचे होईल, १९३५ सारखेच. फक्त दंड करणारा माणूस वेगळा असेल. त्याऐवजी कलम खुंटाविषयी लिहिता येते. शिवारातल्या हेक्टरी जिवंत खुंटांची संख्या ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ नये, प्रत्येक खुंटावर किमान एक खोड वाढते असावे, आणि बाकीची खोडे शेतकऱ्याने हवी तेव्हा, कोणाला न विचारता तोडावीत. मोजणी एका झाडाची न करता सगळ्या गावच्या शिवाराची करावी, म्हणजे एका घराने अडचणीच्या वर्षी दोन खोडे जास्त तोडली तरी करार मोडत नाही. अशा कलमाने मिळणारी क्रेडिट कमी असतील आणि खरेदीदाराला ती महाग वाटतील. पण पेरणीआधी कोयता घेऊन शेतात उतरणारा माणूस ते कलम वाचून आपली रीत बदलणार नाही, कारण ते त्याच्याच रितीवरून लिहिलेले असेल.